गच्चीवरून ग्रहांचे चित्रीकरण: दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेरा कसा जोडावा

दुर्बिणीतून गुरू पाहताना त्याचे पट्टे क्षणभर स्वच्छ दिसतात आणि लगेच पुसट होतात. वातावरणातील कमीअधिक तापमानाच्या थरांतून येताना प्रकाश सतत किंचित वळतो, म्हणून असे घडते. एका छायाचित्रात नेमका स्वच्छ क्षण सापडणे हा केवळ योगायोग असतो. व्हिडिओ कॅमेरा मात्र मिनिटभरात हजारो चौकटी (फ्रेम) टिपतो आणि त्यांतील उत्तम तेवढ्या निवडून संगणक एकावर एक रचतो. म्हणून ग्रहांसाठी महागड्या डीएसएलआरपेक्षा लहान संवेदकाचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा), यूएसबीने लॅपटॉपला जोडता येणारा कॅमेरा मी अधिक उपयोगी मानतो.

हा कॅमेरा नेत्रिका (डोळा लावायचे भिंग, आयपीस) काढून तिच्या जागी, सव्वा इंची नळीत बसवायचा असतो. त्याला स्वतःचे भिंग नसते, दुर्बीणच त्याचे भिंग होते. १५० मिमी व्यासाच्या आरशाची आणि १२०० मिमी नाभीय अंतराची (फोकल लेंग्थची) दुर्बीण घेतली आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा असला, तर २०६ गुणिले ३.७५ भागिले १२०० या हिशेबाने (२०६ हा एकके जुळवणारा स्थिरांक) प्रत्येक पिक्सेलवर सुमारे ०.६४ विकलांचे आकाश पडते; विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. ४५ विकलांचा गुरू त्यात जेमतेम ७० पिक्सेलांचा दिसेल. दुप्पट क्षमतेचे बार्लो भिंग (नाभीय अंतर वाढवून प्रतिमा मोठी करणारे जोडभिंग) मध्ये बसवल्यास तो १४० पिक्सेलांचा होतो, आणि या दुर्बिणीसाठी तेवढे पुरेसे आहे. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण तपशील वाढत नाही. काही परावर्ती दुर्बिणींत फोकसची नळी पूर्ण आत ढकलूनही कॅमेऱ्यावर फोकस मिळत नाही. ही अडचणही बार्लोमुळे बहुधा सुटते, कारण ते नाभी बाहेरच्या बाजूला सरकवते.

सर्वांत अधिक वेळ ग्रह चौकटीत आणण्यात जातो, कारण १२८० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत बार्लोसह जेमतेम ७ कलांचे (एक कला म्हणजे ६० विकला) आकाश मावते. त्यासाठी दिवसाउजेडी दूरच्या एखाद्या मनोऱ्यावर शोधक दुर्बीण (मुख्य नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) मुख्य दुर्बिणीशी काटेकोर जुळवून ठेवावी. हे करताना नळी चुकूनही सूर्याकडे वळू देऊ नये; पुढच्या तोंडावर योग्य सौरगाळणी नसताना सूर्याकडे रोखलेली दुर्बीण डोळा आणि कॅमेरा दोन्ही जाळते. रात्री आधी नेत्रिकेने ग्रह मध्यभागी आणावा आणि मगच कॅमेरा बसवावा. पडदा काळाच राहिला, तर एक्स्पोजर (प्रत्येक चौकटीला प्रकाश मिळण्याचा वेळ) वाढवून फोकसचे चाक सावकाश फिरवावे. बहुतेक वेळा ग्रह फोकसबाहेरच्या फिकट वर्तुळाच्या रूपात तेथेच असतो.

फोकस ग्रहाच्या कडेवर करण्यापेक्षा गुरूच्या चंद्रांवर किंवा जवळच्या ताऱ्यावर करावा, कारण बिंदू लहानात लहान कधी होतो हे डोळ्याला चटकन कळते. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येईल. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची रात्री उष्णता सोडत राहते. म्हणून शक्य असेल तेथे मातीच्या अंगणात दुर्बीण मांडावी आणि ग्रह क्षितिजापासून बराच वर आल्यावरच चित्रीकरण करावे. या बाबतीत महाराष्ट्राचे अक्षांश भाग्याचे आहेत: गुरू मिथुन राशीत असताना तो पुण्या-मुंबईहून जवळजवळ डोक्यावरून जातो. डॉब्सन पद्धतीची (साध्या फिरत्या बैठकीवर हाताने वळवायची) दुर्बीण मात्र अगदी डोक्यावर रोखून फिरवणे अवघड असल्याने, त्याआधीचा तासभर तिला अधिक सोयीचा असतो.

गुरूसाठी १० ते २० मिलिसेकंद एक्स्पोजरपासून सुरुवात करावी आणि पडद्यावरील उजळपणाच्या आलेखातील (हिस्टोग्राममधील) सर्वांत उजळ भाग सुमारे ७० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. गुरूचे चंद्र ठळक दिसावेत म्हणून प्रकाश वाढवल्यास ग्रह पांढरा पडतो. त्यांचे चित्रीकरण वेगळे करावे. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये. दुर्बिणीला ग्रहामागे आपोआप फिरवणारी चालक यंत्रणा नसेल तरी काम अडत नाही. ग्रह चौकटीच्या एका कडेला ठेवावा, हात काढून घ्यावा आणि सुमारे अर्ध्या मिनिटात तो दुसऱ्या कडेपर्यंत सरकेपर्यंत नोंद करावी. अशा अनेक फिती घ्याव्यात. लॅपटॉप टीव्हीला जोडला, तर नेत्रिकेवर डोळा स्थिर ठेवता न येणाऱ्या लहान मुलांना आणि आजी-आजोबांनाही हे सरकणे एकत्र पाहता येते. हा लाभ मला चित्राइतकाच मोलाचा वाटतो.

नोंदीसाठी शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर हे संगणक प्रोग्राम वापरावेत आणि व्हिडिओ संकोचन (कॉम्प्रेशन) न करता साठवावा. पुढे ऑटोस्टॅकर्ट हा प्रोग्राम चौकटींची प्रतवारी लावून त्या एकावर एक रचतो. हवा बेताची असल्यास वरच्या १० ते २० टक्केच चौकटी घ्याव्यात. शेवटी रजिस्टॅक्स या प्रोग्राममध्ये रेखीवपणा थोडाथोडा वाढवावा आणि ग्रहाच्या कडेला खोटी उजळ रेघ दिसू लागताच एक पायरी मागे यावे.