शिकारीची वाट परतीपासून आखा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात म्यूल डिअर या हरणाचं टॅग, म्हणजे एक हरीण मारायचा परवाना, मिळालं की नवखे लोक नकाशावर हरणं शोधत बसतात. आधी उतरायची वाट शोधा.

मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस साधारण ३० ते ४० किलो भरतं. शिवाय डोकं, तंबू, स्लीपिंग बॅग. एकट्याला दोन फेऱ्या लागतातच. म्हणजे गाडीपासून ८ किमीवर हरीण पाडलं की पुढे २४ किमी चालणं आलं, त्यातलं १६ ओझ्यासकट. विल्डरनेस हद्दीत, म्हणजे मुद्दाम रानटी राखलेल्या सरकारी जंगलात, १९६४च्या कायद्याने चाक बंद आहे. सायकल नाही, हातगाडीही नाही. घोडा चालतो.

खरा घात करतो तो ओढा. हरीण सोंडेच्या, म्हणजे डोंगराच्या उतरत्या फाट्याच्या, कुशीत पडतं, खाली ओढा दिसतो, ओढ्याच्या तोंडाशी रस्ता. परत धारेवर दोनशे मीटर चढायला जिवावर येतं, म्हणून माणूस खाली सुटतो. पण तिथल्या डोंगरी नकाशांवर दोन कंटूरमध्ये, म्हणजे समान उंचीच्या रेषांमध्ये, बहुधा ४० फूट उंचीचं अंतर असतं. तीस फुटांचा सरळसोट टप्पा त्या दोन रेषांमध्ये लपून जातो. फोनच्या ॲपवरही तोच कंटूर. जिथे कातळ नाही तिथे किड्याने मारलेली झाडं आडवी पडलेली, आणि नकाशावर मात्र साधा हिरवा रंग. उपग्रह चित्रात राखाडी काड्या दिसल्या की ती घळ सोडा. जो ओढा उजेडात रिकाम्या पाठीने चढून पाहिलेला नाही, त्यातून ओझं घेऊन उतरू नका. धारेवर परत चढा. सह्याद्रीत नाळा, म्हणजे उभ्या घळी, उतरलेल्यांना हे नव्याने सांगायला नको, तरी तेच जास्त फसतात.

वेळेचा हिशेब: ताशी ५ किमी, वर दर ६०० मीटर चढाला एक तास. ओझं असेल तर दुप्पट धरा.

‘जितकं आत तितकं मोठं शिंग’ म्हणणाऱ्या उस्तादांचं ऐकू नका. त्यांच्याकडे बहुतेक वेळा खेचरं असतात. पहिल्या वर्षी ३ किमी पुरे, आणि तेवढ्यातही हरणं असतात. पहाटे थंड हवा दरीत उतरते आणि तुमचा वास खाली नेते, तेव्हा हरणांच्या वरून जाऊ नका, बाजूच्या सोंडेने चढा. ऊन तापल्यावर वारा वर वाहू लागतो, मग वरची जागा धरा.

फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे तिथल्या वनखात्याचा, वाहन-वापर नकाशा फुकट मिळतो. कुठला रस्ता कोणत्या तारखांना खुला, ते त्यातच बघा. शेजारच्या वायोमिंगमध्ये जाणार असाल तर बाहेरच्या राज्यातल्यांना विल्डरनेसमध्ये हरणाच्या शिकारीला परवानाधारक गाईड किंवा स्थानिकाची सोबत सक्तीची आहे. टॅगसाठी अर्ज करण्याआधीच हे बघा.