मेंदूसाठी फळं: रोजच्या खाण्यात कशी बसवायची

आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे येणारे बरेच जण पन्नाशीतले असतात. घरात आई किंवा वडील डिमेन्शियाने (स्मृतिभ्रंशाने) आजारी, आणि आपलंही तसंच होईल का ही धास्ती. “कोणतं फळ खाऊ?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी उलट विचारते, दुपारच्या चहाबरोबर काय खाता? बहुतेकांचं उत्तर बिस्किटं. सुरुवात तिथूनच करा. फळ पोटभर खाण्यावर आणखी एक म्हणून घेऊ नका, बिस्किटांच्या जागी घ्या.

पन्नाशी ही योग्य वेळ आहे. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकारात मेंदूतले बदल विसरभोळेपणा दिसण्याच्या १५-२० वर्षं आधीच सुरू झालेले असू शकतात. शिवाय मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. तो पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या रक्तदाबाने, साखरेने, कोलेस्टेरॉलने खराब होतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली. त्यात आहार हे वेगळं कारण नाही, पण हे तिन्ही आजार आहेत. फळांतलं पोटॅशियम आणि चोथा तिथेच उपयोगी पडतात.

बेरींबद्दलचा पुरावा थोडा जास्त थेट आहे. अमेरिकेतल्या ‘नर्सेस हेल्थ स्टडी’त सत्तरीपुढच्या १६,०१० स्त्रियांची स्मरणशक्ती ठरावीक काळाने तपासली होती. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्यांची बौद्धिक घसरण अडीच वर्षांपर्यंत मागे पडलेली दिसली. फळं खाणारी माणसं इतरही चांगल्या सवयी पाळतात, त्यामुळे सगळं श्रेय बेरींना देता येत नाही. बेरी, पालेभाज्या, सुकामेवा यांवर भर देणाऱ्या ‘माइंड’ आहाराची ६०४ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली. २०२३ मध्ये तिचा निकाल आला, तेव्हा तुलनेच्या गटापेक्षा ठळक फरक आढळला नाही. मला तीन वर्षं कमी वाटतात. तरीही खात्रीची हमी मी कुणाला देत नाही.

प्रमाण सोपं आहे. दिवसाला सफरचंद किंवा संत्र्याएवढं एक फळ आणि एक वाटी गडद रंगाचं काहीतरी: स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, काळी द्राक्षं. जांभळा-लाल रंग देणारं अँथोसायनिन सालीत जास्त असतं, म्हणून खाता येईल ती साल काढू नका. गोठवलेल्या बेरी चालतात. रस मात्र नको. चोथा जातो, आणि एका पेल्यात तीन-चार संत्र्यांची साखर क्षणात पोटात जाते.

खरी अडचण ज्ञानाची नसतेच. फळ आणलेलं असतं, पण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पडून सुकतं. वयस्कर माणसाला कवळी दुखते, हात थरथरतात, सोलण्याचा कंटाळा येतो. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक म्हणत, “सफरचंद मला झेपत नाही.” सालीसकट बारीक फोडी करून, दालचिनी घालून, थोड्या पाण्यात मऊ शिजवायला सांगितलं. आता ते स्वतःच मागून घेतात. म्हणून सकाळीच फळ कापा, झाकणाच्या डब्यात घालून डोळ्यांसमोरच्या कप्प्यात ठेवा, आणि खाण्याची वेळ ठरवून टाका.

आधीच डिमेन्शिया असलेल्या माणसाला “काय खाणार?” असं विचारू नका. दोन वाट्या पुढे धरा आणि निवडू द्या. पांढऱ्या वाटीतलं केळं त्यांना नीट दिसत नाही, गडद रंगाची वाटी घ्या. द्राक्षं उभी चिरून बिया काढा, अख्खी घशात अडकू शकतात. खाताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगा.

किडनीचा आजार असेल तर पोटॅशियमचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय फळं वाढवू नका, आणि स्टारफ्रूट (कमरख) तर अजिबात नको. त्यातलं विषारी द्रव्य अशा रुग्णांत साठून उचक्या, मानसिक गोंधळ आणि फिट येऊ शकतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही. मधुमेह असेल तर फळ बंद करायची गरज नाही. एका वेळी एकच खा आणि दोन तासांनी साखर तपासा.

फळाऐवजी गोळ्या घेऊ का, असंही विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलंय की बौद्धिक घसरण टाळण्यासाठी बी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ नयेत. कमतरता निघाली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच कुणी तेच तेच पुन्हा विचारू लागलं असेल, तर फळांवर विसंबून वाट पाहू नका. डॉक्टरांकडे जाऊन बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करा. विसरण्याची ही दोन कारणं उपचारांनी सुधारू शकतात.