उचललेला हात मेंदू कसा आवरतो, हे मोजायला निघालेल्यांसाठी

मानसशास्त्र किंवा फिजिओथेरपीच्या प्रकल्पासाठी 'स्टॉप सिग्नल' हा प्रयोग घेणार असाल, तर पहिली अडचण ऐका: थांबणं दिसत नाही. दाबलेल्या बटणाची वेळ नोंदवता येते, न दाबलेल्याची कशी नोंदवणार?

प्रयोग तसा साधा. पडद्यावर बाण येतो, त्या बाजूचं बटण झटकन दाबायचं. चारातल्या साधारण एका खेपेला बाणापाठोपाठ आवाज येतो, तेव्हा हात आवरायचा. लोगन आणि कोवन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली याला शर्यत मानलं: 'दाब' आणि 'थांब' स्वतंत्र धावतात, आधी पोहोचेल तो जिंकतो. थांबायला जमलं की पुढचा आवाज ५० मिलिसेकंद उशिरा, चुकलं की तेवढाच लवकर. त्यामुळे कितीही चपळ माणूस निम्म्या वेळा चुकतोच. मग समजा, दाबण्याची मधली वेळ ४५० आणि आवाजाचा सरासरी उशीर २२० मिलिसेकंद. पहिल्यातून दुसरा वजा करा: थांबायला लागले सुमारे २३०. निरोगी तरुणांत आकडा साधारण २०० ते २५०च्या आसपास येतो.

खरी कसोटी माणसांची. मालवणात मी कबड्डी खेळणारी मुलं बसवली. हरायची सवय नाही त्यांना! "दादा, माका जमना नाय," म्हणत एकेक जण आवाजाची वाट बघत बसायचा. अशी वाट बघितली की हिशेबच डळमळतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर दाबण्याची सरासरी वेळ दाखवा आणि स्पष्ट सांगा, चुकलात तरी चालेल, हात रेंगाळू देऊ नका. माझ्या मते या प्रयोगातलं निम्मं कौशल्य हे बजावण्यातच आहे.

मेंदूतली वाट थोडक्यात: उजव्या कपाळामागचा खालचा भाग आणि प्री-एसएमए (हालचालीची आखणी करणारा भाग) यांच्याकडून इशारा मेंदूत खोलवर असलेल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसला जातो, तो शेजारच्या ग्लोबस पॅलिडसला चेतवतो, आणि हालचालीचे संदेश पुढे धाडणाऱ्या थॅलॅमसवरचा लगाम आवळला जातो.

असे प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर, सायकोपाय, फुकट मिळतं; त्यासाठी थोडी पायथन ही संगणकभाषा शिकून घ्या. कीबोर्ड वायरचा घ्या. पावसाळ्यात लाइट जाते आणि बॅटरीवर काही लॅपटॉप मंदावतात, तेव्हा सत्र पुढे ढकललेलं बरं. मुलं अठराच्या आतली असतील तर पालकांची सही आधी.

या प्रयोगाबद्दलच्या संशोधकांच्या २०१९ च्या सर्वसहमतीच्या मार्गदर्शिकेत आवाजाच्या किमान ५० खेपा सुचवल्या आहेत. तिच्यातलीच एक तपासणी कधी टाळू नका: थांबायला न जमलेल्या खेपांची सरासरी वेळ बिनआवाजाच्या साध्या खेपांपेक्षा कमी हवी. ती जास्त निघाली तर त्या मुलाचा थांबण्याचा आकडा काढायचाच नाही, मग गाइड कितीही मागे लागोत.