गुलाममालकांच्या घरची युद्धकाळातली पत्रं आणि वह्या वाचताय? या चुका टाळा

अमेरिकेच्या यादवी युद्धातले (१८६१-६५) दक्षिणेकडच्या मळेवाल्या घराण्यांचे कागद आता घरबसल्या वाचता येतात. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तर अशा घराण्यांचे मोठे संग्रह आहेत. हे कागद उतरवून देणाऱ्या हौशी मंडळींचं काम मी तपासतो आणि त्याच त्या चुका पाहून आता थकलो आहे.

पहिली चूक म्हणजे डॉलरला डॉलर समजणं. एका हुशार मुलाने मला तक्ता पाठवला. एकाच घरच्या वहीतून त्याने माणसांच्या विक्रीच्या किमती काढल्या होत्या: १८६० साली दीड हजार, जानेवारी १८६४ मध्ये चार हजार. खाली निष्कर्ष होता की भाव चढत गेले, म्हणजे मालकांना जिंकण्याची खात्री होती. दोन महिन्यांची मेहनत होती त्याची. पण १८६० चा डॉलर सोन्याच्या भावाचा, आणि १८६४ चा कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, सरकारचा कागद. शांततेचा तह झाल्यावर पैसे देऊ, असं त्या नोटेवरच छापलेलं असे. १८६४ च्या सुरुवातीला सोन्याच्या एका डॉलरला असे सुमारे वीस कागदी डॉलर मोजावे लागत. चार हजार म्हणजे सोन्यात जेमतेम दोनशे. भाव चढला नव्हता, कोसळला होता. त्याच फेब्रुवारीत कायदा झाला आणि एप्रिलपासून बहुतेक जुन्या नोटा तीनास दोन या दराने बदलून घ्याव्या लागल्या. त्यामुळे पुढच्या नोंदींत रक्कम जुन्या नोटांत आहे की नव्या, हेही बघावं लागतं. मी पानाची छापील प्रत काढतो, प्रत्येक रकमेशेजारी पेन्सिलीने सोन्यातली किंमत मांडतो आणि ती मांडल्याशिवाय बेरजेला हात लावत नाही.

वहीतला ‘हायर’ (hire) म्हणजे मजुरी नव्हे. मालकाने आपला माणूस दुसऱ्याला भाड्याने दिला, बहुधा १ जानेवारीपासून नाताळपर्यंत, त्याचं ते भाडं. पैसे मालकाच्या खिशात जात.

‘इन्स्ट’ (inst.) म्हणजे चालू महिना, ‘अल्ट’ (ult.) म्हणजे मागचा. यादीतला ‘डू’ (do.) म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. ‘जेएनओ’ (Jno.) म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. जानेवारीच्या पत्रावर सवयीने मागचंच साल पडलेलं असतं, तेव्हा मजकुरातल्या लढाईवरून ताडून घ्या. रोजकीर्दीतली रक्कम खतावणीत पुन्हा येते, ती दोनदा धरू नका. कागद महाग झाल्यावर आडवं लिहिलेलं पान फिरवून त्यावरच उभं लिहीत. अशी पानं यंत्राला वाचायला देऊन वेळ वाचवणाऱ्यांचं काम मी परत पाठवतो. मोडी शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: आधी वीस पानं नुसती वाचायची, लिहिणाऱ्याच्या हाताची ओळख झाली की मग उतरवायला बसायचं.

१८६२ नंतर अडत्याच्या खात्यात कापसाची नोंद नाही, म्हणून पीक बुडालं असं लिहू नका. उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवली होती, न्यू ऑर्लिन्स एप्रिल १८६२ मध्ये पडलं, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून गाठी जाळल्या गेल्या, आणि कापसाच्या रानात मका पेरला गेला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला तो याच काळात.

आता ज्या चुकीवर माझा खरा राग आहे ती. मिसिसिपीतल्या एका घरची बाई नोव्हेंबर १८६३ मध्ये फौजेतल्या नवऱ्याला लिहिते की आपली माणसं कामात आहेत, समाधानी आहेत. ‘गुलाम’ हा शब्द अशा पत्रांत क्वचितच दिसतो. ‘आपली माणसं’, ‘नोकर’, ‘आपलं कुटुंब, गोरं आणि काळं’ असंच लिहीत. उतरवणारीने पत्र सुरेख उतरवलं होतं. सोबतच्या पानावर मात्र शेरा होता: ‘घरगुती यादी, महत्त्वाची नाही’. मी ते पान उघडलं. ती घोंगड्या वाटल्याची यादी होती, घरटी नावांसकट. आदल्या वर्षी एका आईपुढे आणि तिच्या तीन मुलांपुढे दोन घोंगड्या. यंदा चारही नावांवर रेघ. मिसिसिपीतलं विक्सबर्गचं ठाणं ४ जुलैला पडलं होतं आणि हजारो माणसं मळे सोडून उत्तरेच्या फौजेकडे गेली होती. डिसेंबरच्या पत्रात बाई अखेर लिहितेच की ती आई रात्रीत मुलं घेऊन गेली.

१८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, मुख्यतः वय, लिंग आणि वर्ण एवढीच. नावं जवळजवळ नाहीतच. ती आली १८७० मध्ये. पणजीचा माग काढणाऱ्या कुटुंबाला तिचं नाव कदाचित या घोंगड्यांच्या यादीतच मिळेल, आणि आपण ते पान बिनमहत्त्वाचं म्हणून सोडून देतो! म्हणून मी नावांच्या याद्या आधी उतरवतो: बूट, घोंगड्या, धान्य, डॉक्टरची बिलं. एका कागदावर नावं, पुढे सालांचे रकाने. पत्रं त्यानंतर.

आणि वही १८६५ वर मिटू नका. मागच्या कोऱ्या पानांवर बऱ्याचदा गुलामी संपल्यावरचे मजुरीचे करार असतात. घोंगड्यांच्या यादीतलीच नावं तिथे पुन्हा येतात, आता आडनावासकट, आणि सहीच्या जागी एक फुली.