मुंबईची व्हीजेटीआय, एसपीआयटी ही इंजिनीअरिंग कॉलेजं मिळतील का? कटऑफ असा वाचा

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल हातात आला की सगळे पर्सेंटाइल घेऊन बसतात. खरा उपयोगाचा असतो तो मेरिट क्रमांक. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाला 3 लाख विद्यार्थी असतील, तर 98 पर्सेंटाइलच्या पुढे साधारण 6,000 जण असतात. संख्या वाढली की तेच पर्सेंटाइल मागे पडतं.

सीईटी सेलच्या कटऑफ यादीत दोन्ही आकडे असतात. मागच्या 2-3 वर्षांच्या, प्रत्येक प्रवेश फेरीच्या याद्या काढा. आता कोड बघा. सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण, ‘एल’ मुलींसाठी. शेवटचा ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, तिथलेच विद्यार्थी), ‘ओ’ बाहेरची, ‘एस’ राज्यस्तरीय. घोळ इथेच होतो: मुलगा ‘एल’चा कटऑफ बघून खूश होतो, किंवा टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा, वर गेलेला) कटऑफ बघून उगाच हताश. द्वारकादास संघवी कॉलेजात गुजराती, थडोमल शहानी कॉलेजात सिंधी अल्पसंख्याकांच्या जागा वेगळ्या, त्याही बाजूला काढा.

राखीव प्रवर्गाचा कटऑफ धरत असाल, तर जात वैधता प्रमाणपत्र आणि (एससी, एसटी सोडून) नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आधी हातात हवं. नाहीतर खुल्या गटात गणना होते आणि सगळा अंदाज कोसळतो.

पसंतीक्रम मात्र शक्यतेनुसार लावू नका, आवडीनुसारच लावा. वरचा पर्याय न मिळाल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. पण पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली की तीच अंतिम, म्हणून ‘सेफ’ कॉलेज पहिलं टाकणं महागात पडतं.