सीसीटीव्ही फुटेज काढताना या चुका टाळा, आणि आधी घड्याळ बघा

बीबीसीची 'द कॅप्चर' ही बनावट सीसीटीव्ही व्हिडिओवरची सिरीज बघून झाली की प्रत्येकजण डीपफेक एक्स्पर्ट होतो. २०१९ ची आहे, अजून कोणी ना कोणी नव्याने बघतो आणि मला मेसेज टाकतो की बाबा आता कुठल्याच व्हिडिओवर विश्वास नाही. अरे पण पहिल्याच भागात तो सैनिक शॉन एमरी खुनाच्या आरोपातून सुटतो कशावरून? व्हिडिओत आवाज आणि चित्र मागेपुढे झालेलं असतं म्हणून. कोणी बनावट केलेलं नसतं, मशीनचा साधा घोळ. मी सोसायट्यांमध्ये कॅमेरे बसवतो, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक भांडणं असल्याच घोळाची असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ. नेटला न जोडलेला डीव्हीआर हळूहळू पुढेमागे सरकतो, आतला सेल गेला की लाइट गेल्यावर तारीखसुद्धा भलतीच दाखवतो. सिंहगड रोडच्या एका सोसायटीत सायकल चोरीला गेली. फुटेजमध्ये २:१० ला चोर सायकल घेऊन बाहेर पडतोय आणि गेटवरची खुर्ची रिकामी. वॉचमन काकांच्या रजिस्टरला लिहिलेलं, दीड ते पावणेदोन पाण्याच्या पंपावर, दोनपासून गेटवर. झालं, काका झोपले होते, खोटं लिहिलं, पगार अडवला. मी गेलो तर घड्याळ एकदम बरोबर! मग कळलं की सेक्रेटरींच्या भाच्याने सकाळीच 'टाइम चुकला होता, नीट करून टाकला'. किती चुकला होता ते मात्र त्याने बघितलंच नाही. घ्या आता. शेवटी त्याच रात्रीच्या फुटेजमध्ये २:१२ ला रस्त्यावरून दिवा लुकलुकवत जाणारी ॲम्ब्युलन्स सापडली, आणि समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात, जो नेटला जोडलेला होता, तीच ॲम्ब्युलन्स १:३२ ला. म्हणजे आमचा डीव्हीआर चाळीस मिनिटं पुढे आणि चोरी झाली दीडला, काका तेव्हा पंपावरच. पगार मिळाला, सॉरी मात्र कोणी म्हणालं नाही.

म्हणून मी काय करतो, डीव्हीआरला हात लावायच्या आधी त्याची लाइव्ह स्क्रीन आणि शेजारी धरलेला एक मोबाइल, त्यावरचं घड्याळ दिसेल असा, दोन्ही मिळून दुसऱ्या मोबाइलने फोटो काढतो. फरक वहीत लिहितो. घड्याळ नीट करायचं ते नंतर.

दुसरी डोक्यात जाणारी सवय, स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करून व्हॉट्सॲपवर ढकलायचं. क्वालिटी दाबली जाते, नंबरप्लेटचा चिखल होतो, आणि मग तेच घेऊन पोलीस स्टेशनला. आपल्या जालन्याचीच केस आहे, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीची, उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही यावरून व्हिडिओ पुरावा २०२० ला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नाही तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, सर्टिफिकेट लागणारच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय, त्याच्या फॉर्ममध्ये फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-कोड, लिहायची असते. त्यामुळे फाइल डीव्हीआरमधूनच एक्सपोर्ट करा, पेन ड्राइव्हवर, ती चालवणाऱ्या प्लेयर सॉफ्टवेअरसकट. वीस मिनिटं लागतात, तेवढा दम धरा.

बाकीच्या पटापट:

'आठवड्याने बघू' म्हणू नका, हार्ड डिस्क भरली की जुनं पुसून नवं चढतं.

रात्रीच्या इन्फ्रारेडमध्ये काळा शर्ट चक्क पांढरा दिसू शकतो, त्यामुळे कपड्यांच्या रंगावरून माणूस पकडू नका.

चेहरा 'क्लिअर' करणारी एआय ॲप तर हात जोडून सांगतो वापरू नका, ती चेहरा शोधत नाहीत, अंदाजाने नवीन काढतात, आणि मग तो चेहरा तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाशीतरी जुळतोच.

फक्त घटनेची तीस सेकंदं कापून ठेवू नका. मी आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास घेतो, ती ॲम्ब्युलन्स तिथेच सापडली होती.