दुकानातून माडीवर: हवेवर धावणारी डबी अशी बसवा

खाली काउंटर, वर माडीवर स्टोअर, असं कोल्हापुरात शाहूपुरीतलं माझं बेअरिंगचं दुकान. मागणीची चिठ्ठी वर जाते ती पाइपातून, वाऱ्यावर. मोबाइल असताना हे कशाला, असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकालाच मी बटण दाबायला देतो. सुर्रर्र करून डबी वर गेली की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मला कसं बसवता येईल?'

युक्ती जुनी आहे. लंडनमध्ये १८५३ साली जोसाया लॅटिमर क्लार्क या इंजिनिअरने शेअर बाजार ते तार कचेरी अशी जेमतेम दोनशे मीटरची, दीड इंची नळी टाकली. पॅरिसमध्ये नळीतलं टपाल १८६६ पासून थेट १९८४ पर्यंत चाललं. प्रागची यंत्रणा २००२ च्या महापुरात बुडाली. दुकानात पंचगंगा शिरलेली ज्यानं बघितली, त्याला यावर जास्त काही सांगायला नको. न्यूयॉर्कमध्ये १८९७ साली उद्घाटनाच्या वेळी नळीतून जिवंत मांजर पाठवलं होतं. ते धड उतरलं. तुम्ही पाठवू नका.

डबीच्या पुढची हवा काढून घेतली की मागची हवा तिला ढकलते, एवढंच यातलं शास्त्र. पाइपाचा आतला व्यास ७० मिलिमीटर धरला तर डबीच्या पाठीवर साधारण ३८ चौरस सेंटिमीटर जागा येते. दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार सुमारे एक किलो. पुढचा दाब नुसता दहा टक्के उतरला तरी पावणेचार किलोचा रेटा मिळतो. म्हणून घरचा व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. लोक मोठी मोटर शोधत बसतात, पण खरा खेळ फिटिंगचा.

ड्रेनेजचा ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. डबी प्लास्टिकची, पन्नास मिलिमीटर जाड, दहा सेंटिमीटर लांब, झाकण आट्यांचं. दोन्ही टोकांना फेल्टची, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाची, पट्टी गुंडाळून चिकटवा. आता परीक्षा: पाइप उभा धरून वरून डबी सोडा. खालचं तोंड तळव्यानं झाकलं असेल तर ती रेंगाळत उतरली पाहिजे आणि तळवा काढला की सटकन पडली पाहिजे. अडकली तर फेल्ट भादरा. झाकूनही धाडकन आली तर एक थर वाढवा. इथं घाई केली की पुढचं सगळं वाया.

बाजारातला बेंड, म्हणजे तयार वळणाचा तुकडा, चालणार नाही. डबी त्यात आडवी होऊन बसते. वळण दोन फूट त्रिज्येचं तरी हवं. उद्यमनगरातल्या एखाद्या फौंड्रीतून कोरडी सिलिका वाळू आणा, पाइपात ठासून भरा, दोन्ही टोकं बंद करा आणि हीट गननं फिरवून फिरवून तापवत हळूहळू वाकवा. वाळू नसेल तर पाइप दबतो. काळा पडू देऊ नका, पीव्हीसी जळाल्याचा धूर विषारी असतो. जोडावर आतली कडा कानशीनं घासायला विसरू नका.

वरचा पाइप छताखालून आडवा न्या. शेवटच्या दीड फुटाआधी, वरच्या अंगाला बोटाएवढी पाचसहा भोकं पाडून त्यावर सॅडल, म्हणजे पाइपाला बाहेरून कवळणारा नळी जोडायचा तुकडा, बसवा आणि क्लीनरची नळी तिथं जोडा. टोकाला जुन्या ट्यूबच्या रबराची झडप. भोकं ओलांडून डबी पुढं गेली की कोंडलेली हवाच तिला अलगद थांबवते. ती पोहोचली की मशीन लगेच बंद करा, हवा अडली की मोटर तापते. खाली पाठवायला मशीन लागतच नाही. खालचं तोंड झाकायचं आणि डबी वळणापर्यंत ढकलायची.

हॉस्पिटलांत रक्ताचे नमुने आजही अशाच नळ्यांतून जातात, पण बेतानं, नाहीतर रक्तपेशी फुटतात. आपल्याला चिठ्ठी, नोटा, छोटं बेअरिंग पुरे. पुतण्याला तांबडा रस्सा पाठवून बघायचाय. फेल्ट तोच धुणार असेल तर माझी हरकत नाही.